निळं औषध

प्रिय ब्लेसन,

सलाम. तुझ्या मिशीवाल्या माशांची अंडी तिसऱ्यांदा वाया गेली, हे तुझ्या लेकीनं, मर्सीनं, तुला फोनवर सांगितलं आणि तू म्हणालास, "पप्पा, तुम्हाला एवढं बी जमंना व्हय?" फोन स्पीकरवर होता. मागं तुझ्या कंपनीतली पोरं हसली. शिरूरला नोकरी लागली म्हणून लेक आणि माशांची टाकी दोन्ही दौंडला आमच्या गळ्यात घातलीस, आणि वर हे! चौतीस वर्षं रेल्वेचं इंजिन चालवलं, एकाही साहेबाची मला हसायची छाती झाली नाही. मला राग आलाय आणि तो मी गिळणार नाही.

पहिल्या वेळची अंडी त्यांच्या आईबापांनीच खाल्ली. त्यात माझा काय दोष? तेव्हापासून अंडी चिकटलेलं पान वेगळ्या डब्यात ठेवतो, हवेची नळी सोडतो, ऊन लागू नये म्हणून वर पेपर टाकतो. बोअरचं पाणी जड, म्हणून तुझी आई प्यायच्या जारमधलं पाणी देते आणि वर ऐकवते, "भीमा नदीतला शिंगाळा मासा कुणाला इचारून पिल्लं घालतो हो?" दुसऱ्या वेळी तू म्हणालास, पांढरी पडलेली अंडी मेलेली असतात, ती काढा, नाहीतर बुरशी बाकीच्यांना धरते. काढली. डब्यात काहीच उरलं नाही, तर त्यालाही मीच जबाबदार!

तिसऱ्या वेळी हुकूम आला, बुरशी येऊ नये म्हणून निळं औषध दोन थेंब टाका. टाकलं. रविवारी चर्चला जाताना माझा सदरा पांढरा दिसावा म्हणून तुझी आई कपड्यांना घालते, ती नीळ. आता तू सगळ्या शिफ्टला सांगत सुटलायस की बापानं अंडी धुवून काढली. अरे, निळं म्हणालास ना? आपल्या घरात निळं म्हणजे नीळच! औषधाचं नाव घ्यायला तोंड झिजत होतं का? मर्सी डब्यापाशी बसून रडली. पिल्लांची नावंसुद्धा ठरवून ठेवली होती तिनं. मी तिला सांगितलं, तुझ्या पप्पाचीच चूक.

ते खोटं आहे, ब्लेसन. औषधाची बाटली निळीच्या शेजारीच होती, तिच्यावर तू मोठ्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली. मला ती वाचता आली नाही. पांढरी अंडी काढताना मला सगळीच पांढरी दिसली, चांगली पिवळसर अंडीही मी मोरीत ओतली. वर्षभर डोळ्यांपुढे साय धरल्यासारखं झालंय. रेल्वेच्या दर मेडिकलला ज्याचे डोळे ए-वन निघाले, त्यानं हे कुठल्या तोंडानं सांगावं? अंड्यांपुरतं असतं तर मी बोललोच नसतो. पण काल मर्सीला स्कूटरवरून शाळेत नेत होतो. रस्ता खोदलेला, एक माणूस लाल झेंडा धरून मधोमध उभा. ती मागून किंचाळली, "आबा, थांबा, लाल हाय!" मला ना झेंडा दिसला, ना माणूस. त्याच्यापासून हातभरावर गाडी थांबली. घरी सांगू नको म्हटलं, तर पोरीनं खरंच कुणाला सांगितलं नाही. त्याची मला जास्त लाज वाटते. शनिवारी रजा टाक, ये, आणि मला डोळे दाखवायला घेऊन चल. जाताना स्कूटर शिरूरला ने. इथं राहिली तर मी पुन्हा तिला मागं बसवीन, माझा स्वभाव तुला ठाऊक आहे.

अजून रागावलेला, पण तुझाच,
पप्पा