गंगा बोलली म्हणून

प्रिय बाबा,

तुम्ही गेलात त्याला वर्ष झालं. आज मात्र तुमच्याशी बोलल्याशिवाय मला राहवत नाही. उद्या सकाळी जेलच्या साहेबांपुढे मला एका कैदी बाईबद्दल सांगायचं आहे, आणि त्यांना हवं ते मी सांगणार नाही!

हसताय ना? मला जेलच्या दवाखान्यात नोकरी लागली तेव्हा "आमची डाक्टरीन जेलात हाय," असं तुम्ही अमरावतीच्या फूलबाजारात सांगितलंत आणि लोकांना वाटलं, पोरगी सत्याग्रहात गेली. त्यांनी आपल्याच बडनेऱ्याच्या मळ्यातल्या झेंडूचा हार तुमच्या गळ्यात घातला, अन् तुम्ही गप्प! "लोकं एवढे खुश होऊन राहिले, मंग कायले सांगू?" किती भांडले होते मी तेव्हा.

तर ही गंगा, तेल्हाऱ्याकडची. तान्ह्या बाळाला घेऊन विहिरीत उडी घेतली. दोघंही वाचली, म्हणून तिला शिक्षा झाली. बायकांच्या बराकीत आल्यापासून ती बोलत नव्हती, बाळाकडे बघतही नव्हती. साहेब म्हणतात, ढोंग आहे, जेलमधलं सक्तीचं दळण चुकवायला.

धाकट्या रघूच्या जन्मानंतर आई अशीच झाली होती, आठवतं? आत्या म्हणायची, "सोंग करते." तुम्ही सरळ दारात बसलात. "बाई बिमार हाय. कोनी तिले बोलाचं नाई." रघूला तिच्या मांडीवर ठेवायचात आणि खाली स्वतःचा हात धरायचात. मीही तेच करत आले, बाबा. रोज.

आणि काल गंगा बोलली! "याले ऊन लागून राहिलं," म्हणाली आणि पदर ओढला त्याच्यावर. मी तिथेच रडले. पण पहाऱ्यावरची बाई धावत जाऊन सांगून आली. साहेबांनी टेबलावर हात आपटला. बोलता येतं, म्हणजे ढोंगच होतं! आता तिला अंधारकोठडी आणि बाळ अनाथालयात. मी फक्त 'ठणठणीत आहे' म्हणायचं. काहून म्हणू?

शेवटच्या दुखण्यात तुम्ही म्हणालात, "सायबाच्या तोंडी लागू नको, माय." तुम्ही, बाबा? आत्याला गप्प बसवणारे तुम्ही? तुमचं एवढं एक मी ऐकणार नाही.

बाई आजारी आहे, आत्ता कुठे बरी होऊ लागली आहे, हेच मी उद्या सांगणार. नाही ऐकलं तर नागपूरला वरच्या साहेबांकडे जाईन. नोकरी गेली तर जाऊ दे! पण गंगाच्या मांडीवरून ते बाळ मी कोणालाही उचलू देणार नाही. शब्द देते.

तुमची हट्टी लेक,
शांता