डोळ्यांची आखणी

२ ऑक्टोबर, ड्रेस्डेन
पोचले एकदाची! चौथ्या मजल्यावरची खोली, खिडकीतून एल्बे नदी, बॅगेत पोह्याचे पापड शाबूत. उद्यापासून जुन्या चित्रांच्या दुरुस्तीचं शिक्षण सुरू. रूममेट तनया पुण्याची, भलती बडबडी. जमेल आमचं.

पेणला आमच्या गणपतीच्या कारखान्यात मी लहानपणापासून सोंडा रंगवल्या, पितांबर रंगवले. डोळ्यांची आखणी मात्र बाबाच करणार. मुलीच्या हाताला ते झेपायचं नाही म्हणे. बघतेच आता.

९ ऑक्टोबर
वर्कशॉपच्या प्रमुख फ्राऊ लिंडनर यांनी मला दोनशे वर्षांपूर्वीचं चित्र दिलं. काळ्या पोशाखातली बाई, फक्त छातीपर्यंत. दोन्ही डोळे कुणीतरी सुरीने खरवडून काढलेत. नुसतं स्वच्छ करायचं, गेलेलं मनाने भरायचं नाही, असं त्यांनी बजावलं. शिवाय आपण लावलेला रंग कधीही कापसाच्या बोळ्याने पुसता आला पाहिजे. मी आपली गेनाऊ, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, करत राहिले. डोक्यात भलतंच चाललं होतं.

१७ ऑक्टोबर
केली आखणी! आरसा समोर ठेवून माझेच डोळे काढले, श्वास रोखून, बाबांसारखे. मग तासभर समोर बसून बघत राहिले. काय जिवंत आलेत!

बाबांना फोटो पाठवला. शाबासकी राहिली बाजूला, फोनवर पहिला प्रश्न, तोंडावर फडकं टाकलंस ना? आखणी झाली की लगेच झाकायचं, आखणाऱ्याने समोर थांबायचं नाही. हे मला कधी सांगितलंच नव्हतं. आखूच दिलं नाही, तर सांगणार कशाला? मी भांडून फोन ठेवला.

२० ऑक्टोबर
सकाळपासून सगळं धूसर. डोळ्यांच्या डॉक्टरांचा टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, पाच आठवड्यांनी. कमाल आहे.

आखणी बघून फ्राऊ लिंडनर संतापल्या. मग चित्राजवळ वाकून विचारलं, डोळ्यांत हा ओलावा कुठल्या व्हार्निशने आणला. मी व्हार्निश लावलेलंच नाही.

२३ ऑक्टोबर
तनया म्हणते, माझ्या बुबुळांचा रंग उतरलाय. पांढुरकी झालीत.
डोळे मिटले की वर्कशॉप दिसतं — माझं टेबल, माझी रिकामी खुर्ची — चित्र टांगलंय त्या समोरच्या भिंतीवरून.

२५ ऑक्टोबर
आता उघड्या डोळ्यांनीही तेच. बाकी अंधार. आजचं सगळं तनया लिहून देतेय.
बाबा फोनवर रडले. म्हणाले, "ऊर्जे, ते पुसलेस तर तुझेही जातील. ये निघून."
नाही येणार. माझे डोळे त्या बाईला वापरायला सोडून पळू? हट्.

२६ ऑक्टोबर, दुपार
तनयाने वर्कशॉपच्या दारापर्यंत आणलं. तिला बाहेर थांबवलंय. मी मलाच दिसतेय — वही, कापूस, विस्कटलेले केस. घाबरलेली नाही वाटत. छान.

डावा पुसला. अर्धी खोली गेली.
उजव्या मनगटावर गार बोटं — चित्रात तर हात नव्हतेच —
आवळ हवं तेवढं. डाव्या हाताने लिहीन. मी आखले, मीच पुसणार.
बाबांना सांगा, हात जराही थरथरला ना—