रानमेंढ्याचा परवाना

प्रिय हॉलिस,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुझ्या काळजात धस्स झालं असेल. घाबरू नकोस, सगळे जिवंत आहेत. वेंडेल शेजाऱ्याबरोबर नदीवर कॅटफिश धरायला गेलाय. हल्ली त्याला मासेमारीच बरी वाटते. मासा लागला की हाताला कळतं, म्हणतो. युमाच्या या वाळवंटातला जुलै तुला सांगायला नको. पिकअपच्या दाराला फडक्याशिवाय हात लावता येत नाही, आणि रोझी जीभ बाहेर काढून दिवसभर न्हाणीघराच्या फरशीवर पोट टेकून पडलेली असते. आयडाहोत म्हणे रात्री पांघरूण लागतं. लेकीकडे सुखात आहेस ना? नातवंडं अंगावर चढत असतील.

तू गाव सोडलंस तेव्हा निरोपाला मी पीचचा पाई भाजला होता, आठवतं? सगळे म्हणाले, आर्डिथनं किती मनापासून केलाय. मनापासूनच केला होता. तुम्ही सगळे गेल्यावर भांडी घासताना मी चक्क गात होते. लग्नानंतरच्या माझ्या पहिल्या वाढदिवसाला माझा हा नवरा, वेंडेल, तुझ्याबरोबर डोंगरात शिकारीला होता, आणि त्यानंतर दर हिवाळ्यात. शिकारीतले लावे तळले की सगळ्यात मऊ तुकडा बाजूला काढायचा, 'हा हॉलिसला ठेव.' घरात आमचं बोलणं म्हणजे गळका नळ आणि कुत्रीचं औषध. तुझ्याबरोबर मात्र हा माणूस दिवसच्या दिवस राहायचा. एकदा मी विचारलं, 'एवढं काय बोलता रे तुम्ही तिकडे?' तर म्हणाला, 'काही नाही. बसतो.' त्या 'बसतो'वर मी जितकी जळले तितकी एखाद्या बाईवर जळले नसते. बाई असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

तू गेल्यावर मला वाटलं, आता हा माझा. पण तो परसात खुर्ची टाकून कोफाच्या डोंगरांकडे तोंड करून बसायचा आणि मी शेजारी बसले की उठून पाणी प्यायला जायचा.

मग मागच्या उन्हाळ्यात रानमेंढ्याच्या शिकार-परवान्यांची सोडत लागली. तुला माहीतच आहे, तो दरवर्षी अर्ज भरायचा तेव्हा माझाही भरायचा, सोबत म्हणून. आयुष्यात एकदाच मारता येतो तो मेंढा, आणि त्या परवान्यासाठी वेंडेलनं अर्धं आयुष्य वाट बघितली. नाव निघालं माझं. मी जन्मात लाव्यांपलीकडे काही मारलेलं नाही! त्यानं ते ऐकलं, टोपी घातली आणि बाहेर जाऊन गवत नसलेल्या अंगणाला पाणी घालत बसला.

पुढचे काही आठवडे तो माझ्याशी थेट बोललाच नाही. जे काही बोलायचं ते रोझीमार्फत. 'बघ गं रोझी, बाईसाहेब आता मेंढा मारणार. आपण त्यांची पिशवी उचलू.' मीही काही कमी नाही. मी रोझीला म्हटलं, 'त्यांना सांग, पिशवी जड आहे, जेवून घ्या.' खरं सांगू? मला मजा येत होती. इतकी वर्षं मी जळत होते, आता त्याची पाळी. पण बंदूक शिकवायला मात्र तोच आला. उन्हं उतरली की आम्ही मागच्या माळावर जायचो. तो माझ्या मागे उभा राहून माझा खांदा धरायचा, कोपर सरळ करायचा. गोळी कुठे लागली हे तो कधी सांगायचा नाही. 'जा, तूच बघून ये,' म्हणायचा. मला वाटायचं, अजून रुसवा आहे.

डिसेंबरात आम्ही दोघं कोफाला गेलो. तुमच्या त्याच जागी तंबू ठोकला, बिन्सचे बुरिटो गरम केले. गाडी मीच चालवली. 'हॉलिसच चालवायचा,' तो म्हणाला, 'त्याची गाडी नवी होती.' पहाटे आम्ही खिंडीवर चढून बसलो. त्यानं ती मोठी दुर्बीण तीन पायांच्या तिकाटण्यावर लावली आणि समोरची उतरण तो इंच इंच चाळू लागला. माझ्याकडे नदीवरचे बगळे बघायची माझी छोटी दुर्बीण होती.

ऊन वर आलं आणि मला ते दिसले. दोन माद्या आणि त्यांच्या मागे नर. अगदी उघड्यावर, समोरच्याच उतरणीवर, वेंडेलची दुर्बीण नेमकी जिकडे होती तिकडे. मी तो बोलायची वाट बघितली. त्यानं डोळे वर केले आणि म्हणाला, 'काही नाही. पुढच्या घळीकडे सरकू.'

हॉलिस, माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मला वाटलं, हा मुद्दाम करतोय. स्वतःला मिळाला नाही म्हणून माझ्या नाकासमोरून मेंढा जाऊ देतोय. मी ओरडले, 'समोर नर चाललाय आणि तू मला काही नाही म्हणतोस? इतका जळतोस माझ्यावर?'

तो वळला. म्हणजे माझ्या आवाजाच्या दिशेनं वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. भीती होती. त्यानं घाईघाईनं दुर्बिणीला डोळा लावला आणि ती भलत्याच बाजूला फिरवली. 'कुठे? कुठे आहे?'

'अरे समोर!'

'ओरडू नकोस गं. हॉलिस कधी ओरडत नाही. तो नीट बोलतो.'

'काय बोलतो?'

'म्हणतो, डावीकडचा तो लाल कडा धर. त्याच्या पायथ्याशी पालोवेर्देचं वाकडं झाड आहे, तिथून बोटभर खाली, सावलीत. मला नक्की कळत नाही, वेंडेल, तुला काय वाटतं?'

तुझा आवाज काढून तो हे म्हणाला, अगदी सहज, आणि मी तिथल्या दगडावर बसले. दर हिवाळ्यात जेवताना तो सांगायचा, 'हॉलिस नुसता ढिम्म बसला होता, शेवटी सावज मलाच दिसलं.' आणि तू मान खाली घालून जेवत असायचास. मी मनात म्हणायचे, काय हा मंद माणूस! गाडी तू का चालवायचास, उतरताना तू नेहमी त्याच्या एक पाऊल पुढे का असायचास, अंधार पडायच्या आत दोघं घरी का यायचात, सगळं एकदम माझ्यासमोर येऊन उभं राहिलं.

नवऱ्याचे डोळे चाललेत हे बायकोच्या आधी तुला कळलं. त्यानं तुला सांगितलं होतं, की न सांगता तुझं तू ओळखलंस? दोन्हींतलं मला जास्त काय झोंबतं, ते मी अजून ठरवू शकलेले नाही. मी त्याच्या शेजारी झोपते, हॉलिस. त्याची कॉफी मी ओतते. कप अर्ध्यावर आला की तो कडेला बोट धरतो, ते मी बघितलं होतं आणि मला वाटलं होतं, म्हातारपणीच्या खोडी.

त्या दगडावरून मी उठले. नर आता खरंच एका लाल कड्याच्या सावलीत जाऊन थांबला होता. मी तुझ्यासारखं बोलायचा प्रयत्न केला. 'तो लाल कडा दिसतो का बघ. त्याच्या खाली, सावलीत... मला काही समजत नाही बाई.' तो बराच वेळ उजवा डोळा लावून बसला. मग हळूच म्हणाला, 'नर आहे. पूर्ण वळलेली शिंगं.' त्याला खरंच दिसला, की माझ्या आवाजावरून त्यानं ताडलं, मला माहीत नाही. तुला तरी कधी कळायचं का?

मी बंदूक रोखून आडवी झाले. तो माझ्या शेजारी पालथा पडला, त्याचा पंजा माझ्या पाठीवर होता. 'श्वास सोड. अर्धा ठेव. आता.' मेंढा जागच्या जागी कोसळला. आम्ही तिथवर पोहोचलो तेव्हा वेंडेल त्याच्या डोक्याशी गुडघे टेकून बसला आणि शिंगांवरची वळणं बोटांनी चाचपत राहिला, बुंध्यापासून टोकापर्यंत, पुन्हा बुंध्यापासून. त्याचे गाल ओले झाले होते. मी मनात म्हटलं, आता तरी हा मला काहीतरी म्हणेल. तो म्हणाला, 'हॉलिसला सांगायला हवं.' मेंढा माझा, परवाना माझा, खांदा माझा दुखत होता, आणि नाव तुझं!

पुढच्या आठवड्यात मी त्याला जवळजवळ ओढतच डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डावा डोळा गेल्यातच जमा आहे. उजवा हळूहळू जातोय आणि परत यायचा नाही. परतताना गाडीत तो म्हणाला, 'आता तुला कळलंच.' मी म्हटलं, 'हॉलिसला कधीपासून माहीत आहे?' तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, 'आम्ही त्यावर कधी बोललो नाही.' म्हणजे तुम्ही खरंच नुसते बसत होतात.

आता हे का लिहितेय ते सांगते. मागच्या आठवड्यात यंदाची सोडत लागली आणि नाव निघालं वेंडेलचं. तो इतक्या जोरात ओरडला की रोझी टेबलाखाली शिरली. मग त्यानं फोन उचलला, तुझा अर्धा नंबर फिरवला आणि खाली ठेवला. 'तिकडे जेवणाची वेळ असेल.' दुसऱ्या दिवशी म्हणाला, 'लेकीकडे पाहुणे असतील.' तुला बोलवायचं तर का बोलवतोय ते तोंडानं सांगावं लागेल, तेवढं त्याच्यानं होत नाही. डॉक्टर म्हणतात, येता हिवाळा उजवा डोळा साथ देईल. कुणी बंदुकीची दुर्बीण नेमक्या जागी वळवून दिली तर त्याला दिसेल. त्याच्या पुढच्या हिवाळ्याचं ते बोलत नाहीत. मी जाऊ शकते, आणि जायचं माझ्या फार मनात होतं. रोज संध्याकाळी मागच्या माळावर सशांवर सराव केला मी, लाल दगड धर, वाकडं झाड धर. काल त्यानं दुर्बीण मिटून ठेवली आणि म्हणाला, 'तू मला दाखवतेस, आर्डिथ. हॉलिस दाखवत नाही. त्याच्याबरोबर मलाच सापडतं.' मला वाईट वाटावं म्हणून नाही म्हणाला तो. जे होतं ते म्हणाला. म्हणून तू ये. डिसेंबरात ये. मी लिहिलं हे त्याला कळू देऊ नकोस. सोडतीचं कुणाकडून तरी ऐकलं म्हण, थंडीला कंटाळलो म्हण, आणि फोन तूच कर. मागची खोली झाडून ठेवते. दोघांचा डबा भरून देईन, आणि तुमची गाडी वळणाआड जाईपर्यंत दारात उभी राहून मनसोक्त जळेन. तेवढं तू मला करू दे.

तुझीच,
आर्डिथ