टबातलं गार पाणी

४ मार्च
लागले एकदाची कामाला! स्विच बनवायचा कारखाना. आमची खोली इतकी लख्ख, की चपला बाहेर काढाव्या लागतात. खिडक्या कायमच्या बंद, धूळ बसली की माल वाया जातो. सुटे भाग हाताने टबात बुचकळायचे, तेलकटपणा गेला की जाळीवर मांडायचे. टबातलं औषध दिसायला पाणीच, हाताला गारेगार, वास गोडसर. हातमोजे आहेत, पण ते घातले की बारीक भाग निसटतात, म्हणून कोणीच घालत नाही. सगळ्यांत जुन्या बाईला सगळ्या मावशी म्हणतात. माझ्या बाहीवर ग्रीस लागलं, तर तिने त्याच औषधाने डाग चुटकीसरशी घालवला. जीव लावणारी बाई आहे.

२१ एप्रिल
धाकट्या जावेलाही तिथेच चिकटवलं. सासूबाई म्हणाल्या, आता दोघींपैकी कुणीतरी नातवंडाचं तोंड दाखवा. मी लाजले. मनात तर माझंही तेच आहे, लग्न झाल्यापासून.

१० जून
पाळी चुकली, तीही दुसऱ्यांदा! नवरा नाचायचाच काय तो बाकी राहिला. मावशीच्या कानात सांगितलं, तर ती हसतच सुटली. म्हणाली, खुळे, इथं सगळ्यांचीच जाते, महिन्याची कटकट मिटली म्हण. सगळ्याच हसल्या. मीही हसले, पण डबा तसाच झाकून ठेवला.

२ जुलै
पोटात बाळ नाही. डॉक्टरीणबाईंनी वय पुन्हा विचारलं. सव्वीस. म्हणाल्या, आतून पन्नाशीच्या बाईसारखं झालंय. कामावर काय हाताळता, तेही विचारलं. मी सांगितलं. त्यांनी माझे हात उलटेसुलटे करून पाहिले. मूल होईल ना, म्हटलं, तर त्यांनी मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी लिहून दिली —

३ जुलै
साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, औषध बाधलं असतं तर पुरुषांनाही बाधलं असतं. पण आमच्या खोलीत पुरुष नाहीतच —

९ जुलै
काम सोडलं. पंख्याखालीही घामाने भिजते, अंगाची नुसती आग. कपड्यांना तोच वास. जावेला म्हटलं, तूही सोड, हात जोडते. तिला वाटतं, मी जळते —

१४ जुलै
धाकटीची पाळी चुकली. सासूबाई शेजारीपाजारी सांगत सुटल्यात. नवरा माझ्याकडे बघतही नाही. ती आत्ता माझ्या दारात आलीय, पोटावर हात ठेवून. म्हणते, ताई, आता तरी राग सोडा. किती हसतेय. तिच्या हातांना तोच वास. तिला सांगायला हवं, की अगं, ते बाळ नाही, आत काहीच —