उपग्रहाखाली उपग्रह

३ फेब्रुवारी, सोमवार
साहेबांनी बोलावलं. साहेब म्हणजे आमच्या विज्ञान केंद्राचे संचालक. १ मार्चला मंगळाचं दालन उघडायचं. मंगळाभोवती फिरणारे दोन लहानसे उपग्रह, फोबोस आणि डिमोस. यानांनी काढलेले त्यांचे बारा फोटो, शिवाय यानांचे दोन. एकूण चौदा. खाली मजकूर माझा. अठरा वर्षं या इमारतीतली प्रत्येक पाटी मीच लिहितोय, त्यामुळे विचारण्याचा प्रश्नच नव्हता.
उपसंचालकांची खुर्ची महिनाअखेर रिकामी होतेय, हा विषय मीच सहज काढला. साहेब म्हणाले, दालन होऊ दे, मग बघू.
म्हणजे झालंच.
संकल्प: रोज सकाळी सातच्या आत एक मजकूर.

४ फेब्रुवारी, सकाळी ९.४०
सात वाजून गेले. उद्यापासून.
उपसंचालकांच्या केबिनमध्ये डोकावलो. खिडकी पश्चिमेला आहे, पडदे लागतील. टेप नेला होता, माप घेऊन भांडार विभागाला कळवूनही टाकलं.

६ फेब्रुवारी
फोटो पाहिले. निराशा. दोन बटाटे, बारा बाजूंनी. फोबोसच्या एका अंगाला एवढा मोठा खड्डा की कुणीतरी चावा घेऊन नको म्हणून ठेवून दिल्यासारखा. एका फोटोत मधोमध काळी पट्टी. फोटो विभागातल्या बाई (मनातल्या मनात मी त्यांना पिक्सेलबाई म्हणतो) म्हणाल्या, सर, तेवढा भाग यानाकडून आलाच नाही. म्हटलं, मग पत्र लिहून मागवून घ्या. त्या पुढच्या फोटोकडे वळल्या. हल्लीच्या लोकांना पाठपुरावा ठाऊक नाही.
घरी बायकोला नावांचा अर्थ सांगितला. एकाच्या नावाचा अर्थ भीती, दुसऱ्याच्या धास्ती. ती म्हणाली, पोरांची अशी नावं ठेवणारा बाप कुठल्या खात्यात होता हो?

१० फेब्रुवारी
आज तत्त्वाचा प्रश्न उभा राहिला. मी मजकुरात सगळीकडे ‘उपग्रह’ लिहिलंय. पिक्सेलबाई म्हणाल्या, सर, फोबोसही उपग्रह आणि त्याचा फोटो काढणारं यानही उपग्रह, वाचणाऱ्याला कळणार कसं? आपण एकाला चंद्र म्हणू, दुसऱ्याला यान म्हणू.
मी शांतपणे सांगितलं की शब्दकोशात उपग्रहाचे दोन्ही अर्थ आहेत आणि चंद्र एकच आहे, तो आपला. उद्या कुणीही उठून चंद्र होईल. त्या म्हणाल्या, होऊ द्या ना सर, त्यांना कुठे पगार द्यायचाय? सगळं ऑफिस हसलं. शिपाई सगळ्यात जास्त.
एक अक्षर बदलणार नाही.
संकल्प: यापुढे वादात आवाज चढवायचा नाही. (आज चढला. कारण होतं.)

१३ फेब्रुवारी
शिस्त लावली. पिक्सेलबाईंनी फोटोंना फोबोस-३, यान-१ अशी वाटेल ती नावं दिली होती. बदलायला लावली. आता उपग्रह-१ ते उपग्रह-१४. किती देखणी दिसते यादी! त्या म्हणाल्या, सर, उद्या गोंधळ झाला तर मला बोलायचं नाही. लेखी द्या म्हणाल्या. दिलं. सहीसुद्धा झोकात आली. त्या सहीखाली ‘उपसंचालक’ कसं दिसेल तेही एका कागदावर करून पाहिलं.

१८ फेब्रुवारी
चौदापैकी पाच झाले. पण पाच असे की पुढचे नऊ लिहायची भीडच वाटावी. फोबोसवरचा हा:
‘हा उपग्रह ओबडधोबड असून अंगभर खड्डे आहेत. लांबी सुमारे सत्तावीस किलोमीटर. दर वर्षी तो थोडाथोडा मंगळाकडे ओढला जात असून काही कोटी वर्षांत त्याचे तुकडे होणे अटळ आहे.’
बायकोला वाचून दाखवला. म्हणाली, बिचारा. मी म्हटलं, विज्ञानात बिचारं कुणी नसतं. ती म्हणाली, मग तुम्ही वाचताना रडवेले का झालात?
सर्दी आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार
उरलेले नऊ एका दुपारी बसून लिहिले. प्रतिभेला घड्याळ लागत नाही. सातच्या आत लिहिण्याचा संकल्प मुळातच अशास्त्रीय होता.

२५ फेब्रुवारी
पाट्या करणाऱ्याचा फोन. म्हणे, उपग्रह सहा कुठला, बटाटा की मशीन? मी म्हटलं, मजकुरात स्वच्छ लिहिलंय, वाचा आणि लावा. तो म्हणाला, वाचूनच विचारतोय साहेब.
वाचनसंस्कृती संपली.
संध्याकाळी त्याने चौदा पाट्यांचे नमुने मोबाइलवर पाठवले. चित्रं उघडेनात, मजकूर दिसत होता. तेवढा पुरे. शुद्धलेखन चोख. मंजूर कळवलं. पिक्सेलबाई जाता जाता म्हणाल्या, मी एकदा नजर टाकू का? म्हटलं, गरज नाही.

१ मार्च, संध्याकाळी ६
उद्घाटन झालं. पाहुण्या म्हणून निवृत्त अभियंता बाई आल्या होत्या. दोनपैकी एक यान जोडणाऱ्या चमूत त्या होत्या. पाटीवरच्या फोटोतही आहेत, यानाच्या शेजारी पांढरा झगा आणि टोपी घालून उभ्या. त्या पाटीपाशी थांबल्या, चष्मा लावला आणि मोठ्यांदा वाचलं: हा उपग्रह ओबडधोबड असून अंगभर खड्डे आहेत.
मग साहेबांकडे वळून म्हणाल्या, खड्डे कबूल, वय झालं. पण सत्तावीस किलोमीटर मी तेव्हाही नव्हते हो.
साहेब आधी हसले. मग हसायचे थांबले.
पलीकडे फोबोसच्या फोटोखाली: ‘हा उपग्रह अकरा जणांनी चौदा महिने खपून जोडला. निघण्यापूर्वी त्याला दोनदा भट्टीत तापवून पाहण्यात आले.’ एका शाळेच्या बाईंनी अख्ख्या वर्गाला ते वहीत उतरवून घ्यायला लावलं होतं.

२ मार्च
शांतपणे विचार केला. माझ्या मजकुरात चूक एकही नाही. दोन्ही मजकूर शंभर टक्के खरे आहेत. चित्रं चुकली आहेत. चित्रं माझं खातं नाही.
हे बायकोला पटवलं. ती म्हणाली, हो, आणि जावई चांगला आहे, फक्त मांडवात दुसराच बसलाय.

३ मार्च
साहेबांना तीन पानी खुलासा दिला. त्यांनी पहिलं पान वाचलं आणि समोर माझंच लेखी पत्र ठेवलं, १३ फेब्रुवारीचं. म्हणाले, सही छान आहे तुमची.
पाट्या उतरवल्या होत्या. पिक्सेलबाईंनी रविवारी येऊन चौदाच्या चौदा नव्या केल्या. चंद्र, यान, चंद्र, चंद्र. बालवाडीतला तक्ता. लोक मात्र वाचत उभे होते. गर्दी बघून मत बनवणाऱ्यांतला मी नाही.
खुर्चीचं काय, असं विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. घाई आपण कधीच केली नाही.

७ मार्च
उपसंचालक: पिक्सेलबाई.
नोटीस बोर्डावर तीन ओळी. ‘पदभार’ऐवजी ‘पदाभार’ छापलंय. मी कुणाला सांगितलं नाही. सोसा म्हणावं.
अभिनंदन करायला गेलो, मोठेपणाने. त्या म्हणाल्या, सर, बसा ना. पडदे बसले होते. माप अचूक होतं, टेप माझा होता, ते मी बोलूनही दाखवलं. त्या मनापासून थँक यू म्हणाल्या. यापेक्षा टोमणा परवडला असता.
घरी आलो. वाटलं, ही आता बोलणार. तिने चहा ठेवला आणि आपणहून दोन चमचे साखर घातली. एरवी एकावर भांडते.
संकल्प: नव्या उपसंचालकांशी सहकार्य. पण तत्त्वाला धक्का न लावता.

११ मार्च
त्यांनी पहिलं काम दिलं. पाणी पिण्याच्या जागेसाठी सूचना, लोक तोटी उघडी टाकून जातात म्हणून. कामाचा दर्जा बघून अपमान वाटला, पण लेखणीला लहानमोठं नसतं. लिहिलं: ‘जल हा मर्यादित नैसर्गिक स्रोत असल्याने उपयोगानंतर तोटी पूर्ववत ठेवण्याची दक्षता घ्यावी.’ बारा शब्दांत पर्यावरण, विनय आणि आज्ञा, तिन्ही.
त्यांनी वाचलं. सर, सुंदर आहे, म्हणाल्या. मग पेन काढलं.

१४ मार्च, दुपारी ३
पाटी लागली. ‘नळ बंद करा.’
कसा फज्जा उडतो ते बघायला मुद्दाम अर्धा तास तिथे उभा राहिलो. नऊ जण पाणी प्यायले. नऊही जणांनी वर बघितलं आणि नळ बंद केला. एकाने तर पुन्हा मागे येऊन घट्ट केला.
अठरा वर्षांत या इमारतीतली पाटी वाचून कुणी काही केल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं.
तीन शब्द. त्यातला एकही माझा नाही.