उरलेले चिंचोके

धुळे, ६ जानेवारी १९३६
तालमीच्या नानांनी नेम घालून दिला — रोज पहाटे घरी एकशे आठ सूर्यनमस्कार. महिन्याने सर्वांसमोर सलग घालून दाखवायचे. जमलं तर पारोळ्याच्या जत्रेत मल्लखांबाला नेणार. ‘चुडामण, घरी मी बघायला येणार नाही. तूच मोज, वहीत आकडा लिही.’
तांब्यात एकशे आठ चिंचोके ठेवले. एक नमस्कार, एक चिंचोका वाटीत.

९ जानेवारी
पन्नास. हात भरून आले. काय ही थंडी!

१६ जानेवारी
चाळीस. बाकीचे शाळेतून आल्यावर घालीन म्हटलं — पण संध्याकाळी तांब्या रिकामा! आईचंच काम — उरलेले तिनेच वाटीत सरकवले असणार. माया उतू जाते तिची. वहीत एकशे आठ लिहिले.

२२ जानेवारी
पस्तीस. संध्याकाळी तांब्या पुन्हा रिकामा. वहीत एकशे आठ. स्वतःचाच कंटाळा आलाय. उद्यापासून नक्की!

२३ जानेवारी
अंगावरचं पांघरूण निघालंच नाही.

६ फेब्रुवारी
त्रेसष्टाव्याला तोंडावर पडलो. सगळी तालीम बघत होती. नानांनी माझी वही चाळली, मिटली, परत दिली. ‘मोजत कोण होतं रे?’ एवढंच. पारोळ्याला मी नाही.
घरी येऊन आईवर ओरडलो — चिंचोके कशाला सरकवतेस? ती चकितच झाली. ‘मी कसाले सरकाडू? मी हात बी नही लाव्हा!’ धाकटी बहीण पमी मान खाली घालून भाकरी थापत होती.

७ फेब्रुवारी
डोकं दुखत होतं म्हणून शाळेतून दुपारीच आलो. आई शेतात. मागच्या खोलीत पमी — परकर खोचलेला, घामाने निथळतेय, पुढ्यात माझा तांब्या. तेरा वर्षांची पोर! मला बघून रडकुंडीला आली. ‘तू टाकी देस, म्हनीसन मी घालस.’ मी टाकलेले नमस्कार, रोज साठ-सत्तर. आज तर मी एकही घातला नव्हता.
लाज वाटली. फार लाज वाटली. भांडी घासून, पाणी भरून वर हे — आणि माझ्याने साधं उठवत नाही.

८ फेब्रुवारी
पमीने पहाटे एकशे आठ घातले. सलग! चिंचोके मी सरकवले. दम खात तिने विचारलं, ‘भाऊ, तालीममा पोरीस्ले लेतस का?’
नाही घेत. आजवर एकही नाही.
संध्याकाळी नानांकडे जातोय. तिला घेऊन.