आनंदीची मनिऑर्डर

१९ जानेवारी १९६३

मिठबावला जाऊन आलो. व्याख्यान देवळात. विषय नेहमीचाच – अल्पबचत आणि घरखर्चाची आखणी. पुरुष पुढे, बायका खांबांच्या मागे. मुंबईच्या वर्तमानपत्रात वीस वर्षं दिलेल्या जागेत मजकूर बसवण्यात गेली, त्याचा इथे उपयोग होतो. पंधरा मिनिटांत आवरलं. पुरुषांनी एकच प्रश्न विचारला – सरकार बुडालं तर?

परतताना पाणंदीत एका बाईने गाठलं. पंचविशीची असेल. नाव विचारल्यावर आधी मागे बघितलं, मग हळूच सांगितलं – आनंदी. नवरा हरिश्चंद्र मुंबईला गोदीत. लग्नाला पाच वर्षं झाली, पण एकत्र राहणं त्याच्या रजेपुरतंच. त्याची मनिऑर्डर थोरला भाऊ धोंडू याच्या नावावर येते. घर धोंडू चालवतो. हिला मुंबईत खोली घेऊन नवऱ्याजवळ राहायचं आहे. डिपॉझिट अडीचशे.

"माका हिशोब कळना नाय. तुमी वाट दाखवा, मी चलतंय."

दाखवली. नवऱ्याने घरखर्चाचे पैसे भावाला पाठवावेत आणि पंधरा रुपये वेगळे, हिच्या नावाने. हाती आले की लगेच पोस्टाच्या बचत खात्यात. दीड वर्षाचं काम. हरिश्चंद्राला पत्र मीच लिहिलं. साधी योजना, कुठे खोट दिसत नाही.

१२ फेब्रुवारी

खोट होती.

मिठबावचा पोस्टमन भिकाजी मनिऑर्डरी घरोघर नेत नाही. घरं उतारावर दूर दूर. तो देवळाच्या पायरीवर बसतो, नाव पुकारतो, ज्याचं त्याने येऊन घ्यायचं. हे मला माहीत नव्हतं. गावात सगळ्यांना माहीत, म्हणून कोणी सांगितलं नाही.

काल त्याने पुकारलं, "आनंदी हरिश्चंद्र, पंधरा रुपये!" तिथे घरच्या सुनेला नावाने हाक मारत नाहीत. कोणाची तरी आई नाहीतर कोणाची तरी सून. देवळासमोर निम्मा गाव. ती पुढे आली, अंगठा उठवला, पैसे घेतले. वळली तेव्हा धोंडू समोर उभा होता. त्याने तिच्या तोंडात मारली. ती पायरीच्या कडेवर पडली, ओठ फाटला.

हे भिकाजीनेच आज जामसंड्याच्या बाजारात सांगितलं. "मी काय करतलंय? फुडचां नाव पुकारलंय."

ती तशीच रक्ताळलेल्या तोंडाने पोस्टात गेली आणि पंधराच्या पंधरा रुपये भरून आली.

१५ मार्च

मिठबावला जाणं भाग होतं. मनिऑर्डर बंद करू, दुसरा मार्ग काढू, हे सांगायला गेलो. आनंदी घरापुढच्या खळ्यात कोकमाची सोलं वाळत घालत होती. डोळ्याखाली हिरवट डाग. हा दुसऱ्या महिन्याचा. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पंधरा रुपयांक एक मार. परवाडता."

मी व्याख्यानांत खर्च आणि लाभ समजावत फिरतो.

तेवढ्यात थोरली जाऊ रुक्मिणी स्वयंपाकघरातून आली. उंच, हाडापेराने मजबूत बाई. हातात पितळी पळी. आल्याबरोबर आनंदीच्या दंडावर पळी हाणली. "परक्या पुरुषांवांगडा खळ्यात बोलतंस? लाज खंय इकलंस?" दुसरा फटका पाठीत. मागून काठी घेऊन धोंडू येत होता. त्याने ते बघितलं, हसला, काठी भिंतीला लावून ओटीवर बसला.

मला बसायला सांगितलं. चहा नाही.

"तुमी शिकलेले. माका एक सांगा. बापूस गेलो तेव्हा हरी सात वर्सांचो. तेका कोणी वाढवल्यान? मुंबैच्या खोलयेन?" आणि, "थंय खोलयेत घातलेले पैशे वर्साक किती देतत? मी कलमां मक्त्यान घेतंय, माका वर्साक दुप्पट होतत."

हिशेब चुकीचा नाही. हापूसच्या बागेचा मक्ता मोहोर बरा धरला तर दुप्पट देतो. मी तसं कबूल केलं. म्हटलं, पण पैसे तिचे आहेत.

"ती कोणाची?" त्याने विचारलं. आवाज चढवला नाही.

१९ मार्च

धोंडू माझ्या छापखान्यात आला. माझ्या पेपराच्या अंकाचं शेवटचं पान लागत होतं. "हेच ता घरफोडां यंत्र?" म्हणाला आणि अक्षरांचे खिळे ठेवायच्या दोन लाकडी केसी उलथ्या केल्या. मी मध्ये पडलो तर मानेला धरून तिसऱ्या केसच्या कडेवर माझं तोंड आपटलं. एकदा, मग आणखी एकदा. कंपॉझिटर दत्ताराम लोखंडी पट्टी घेऊन धावला तेव्हा गेला. जाताना उंबऱ्यावर वहाणा घालायला थांबला, घाई केली नाही.

पुढचा दात तुटला. दत्तारामने रात्रभर खिळे वेचले. पहाटे म्हणाला, "मालक, तुमचो दात 'ळ'च्या खणात गावलो."

अंक वेळेवर निघाला. फौजदाराकडे गेलो नाही. तिथे साक्षीला आनंदीला उभं करावं लागलं असतं.

११ जून

भिकाजी भेटला. मनिऑर्डर आली, पैसे भरले, मार बसला. त्याच क्रमाने.

म्हटलं, निदान तिचं नाव हळू घे. "हळू घेतलंय तर लोक म्हणतीत माझां आणि तिचां काय आसा."

१४ सप्टेंबर

गणपतीला हरिश्चंद्र आला नाही. रजा मिळाली नाही म्हणे. आनंदीने निरोप पाठवला – शंभरावर गेले का? गेले.

१८ नोव्हेंबर

या वेळी काठी. डाव्या बाजूची बरगडी. देवगडच्या डॉक्टरांनी पट्टा बांधला. त्यांना सांगितलं, माडीवरून पडले. त्यांच्या घराला माडी नाही.

मी दवाखान्यात गेलो आणि अक्षरशः हात जोडले. मी सुरू केलं, मीच सांगतो, आता पुरे. ती छातीवर हात दाबून हळूहळू बोलली. "आता सोडलंय तर आतापर्यंतचो मार फुकट गेलो."

रुक्मिणी दाराशी उभी होती. तिला सोबतीला पाठवलं होतं, की पहाऱ्याला? माझ्याकडे बघून म्हणाली, "हिचां मढां निघाला की छापा तुमच्या पेपरात." आनंदीला दंडाला धरून ओढत बाहेर नेलं. रस्त्यावर दोन माणसं बघत उभी होती, त्यांच्यासमोर एक रट्टाही दिला. मी पुष्कळ माणसं पाहिली. इतका कोरडा द्वेष क्वचितच पाहिला.

२० फेब्रुवारी १९६४

धोंडूने मोठी बाग मक्त्याने बोलली आहे. विसार दिला. उरलेले दोनशे पाडव्यापर्यंत द्यायचे, नाहीतर विसार बुडाला आणि बाग दुसऱ्याला. हातात पैसा नाही. घरात मात्र एकीच्या नावावर दोनशेच्या जवळपास पडलेला.

हरिश्चंद्राचं पत्र मला. अक्षर दुसऱ्याचं. "दादाचे म्हणणे पटते. खोलीचे पुढे बघू. पैसे काढून देण्याची व्यवस्था करावी."

उलटटपाली कळवलं – खातं तिचं आहे, तिच्या अंगठ्याशिवाय एक पैसा निघणार नाही.

पत्र पेटीत टाकलं आणि पेटीपाशीच थांबलो. अंगठा उठवायला मन लागत नाही. मनगट धरलं की पुरे. सही असती तर गोष्ट वेगळी. वर्षभर सगळीकडे सांगत फिरलो की ज्याला सही येत नाही त्याला अंगठा चालतो, काळजी नको!

२ मार्च

पाटी घेऊन मिठबावला. तिला सही शिकवायची आणि पोस्टात नमुना बदलून घ्यायचा. रुक्मिणीने खळ्यातच अडवलं. पाटी हिसकावून कातळावर फोडली. "हेतुरसून भायर व्हा. परत इलात तर मीच दगड घालीन." ओटीवर धोंडू बसून होता. आनंदी दिसली नाही.

२७ मार्च

हरिश्चंद्र शिमग्याला आला. देवगडच्या धक्क्यावर बोटीतून उतरताना पाहिला. नवीन टोपी, हातात ट्रंक. मला ओळखून नमस्कार केला. म्हटलं, तुझी बायको दर महिन्याला काय सोसते हे माहीत आहे का? त्याने ट्रंक या हातातून त्या हातात घेतली. "दादा तापट आसा, पण मनान बरो आसा."

३१ मार्च

भिकाजीकडून आणि मग पोस्टमास्तरांकडून कळलं ते लिहितो.

काल सकाळी दोघे भाऊ आनंदीला पोस्टात घेऊन निघाले. एक पुढे, एक मागे. वाटेच्या दोन्ही बाजूंच्या खळ्यांत लोक उभे. पोस्टमास्तरांपुढे धोंडूने तिचं मनगट धरून हात वर ओढला. डाव्या हाताला चिंधी. त्याने चिंधी फाडली. अंगठ्याच्या पेराची कातडी जाऊन लाल मांस उघडं पडलं होतं. धोंडूने तोच अंगठा शाईवर दाबला आणि कागदावर दाबला. मग पुन्हा. कागदावर शाई, रक्त आणि पाणी. ठसा नाही.

पोस्टमास्तर म्हणाले, जुळत नाही. धोंडूने टेबल उलथलं. हरिश्चंद्र दारात रडत उभा होता.

कोणी केलं हे घरी गेल्यावर उघड झालं. पहाटे रुक्मिणीने तिचा अंगठा तापल्या तव्यावर दाबला. रुक्मिणीने ते स्वतःच सांगितलं. "माझ्या घरचां खावन माका उलट बोलता. म्हणान चटको दिलंय. माका काय ठावक आज अंगठो लागतलो म्हणान?" धोंडूने तिला खळ्यात सगळ्यांसमोर लाथांनी तुडवलं. दोनशे रुपयांचा अंगठा रागापायी जाळलास म्हणून. भिकाजी म्हणतो, ती पडल्यावरही मारत होता. हरिश्चंद्राने धरलं म्हणून वाचली.

लिहिताना लाज वाटते – मला वाईट वाटलं नाही.

२ एप्रिल

बातमी मी स्वतः लिहिली. 'जावेचे क्रौर्य : तापल्या तव्याचा चटका.' रुक्मिणीचं नाव घातलं. एरवी नावं टाळतो. दत्ताराम म्हणाला, नाव गाळा, बाईमाणूस आसा. मी ठेवलं.

१४ एप्रिल

काल पाडवा. धोंडूची बाग गेली, विसारही बुडाला. हरिश्चंद्र आठवड्यापूर्वीच मुंबईला परत गेला. आनंदीच्या खात्यात पैसे आहेत तसे आहेत. कोणाला काढता येत नाहीत. सध्या तिलाही नाही.

१७ एप्रिल

दुपारी छापखान्याच्या मागच्या दाराने रुक्मिणी आली. एक डोळा मिटलेला, चालताना कुशी धरून. मी आत घ्यायचं की नाही या विचारात. तीच उंबऱ्यावर बसली.

"माझां नाव छापलात ता बरां केलात. आता हेंका संशय येवचो नाय."

कसला?

"हात तिनाच फुडे केल्यान. तव्याजवळ इल्यार मागे घेवक लागली, म्हणान मी घट धरलंय. दुसरां करतलां कोण?"

मी पळीचं विचारलं. दर वेळच्या माराचं. तिने माझ्याकडे बघितलं ते अडाण्याकडे बघावं तसं. "मी आधी मारलंय काय हे काठी ठेवन बसतत. नोव्हेंबरात मी न्हयेर कपडे धुवक गेल्लंय, तेव्हा बरगडी मोडली."

खोलीचं दोघींचं ठरलेलं होतं. माझ्या व्याख्यानाच्या रात्रीच, चुलीपाशी.

तिने दोनच गोष्टी विचारल्या. नवी कातडी आली की ठसा तोच उमटतो का? डॉक्टरांनी मला सांगितलं होतं तेच सांगितलं – तोच उमटतो. आणि पावसाळ्यात बोटी बंद होण्याआधी मुंबईचं तिकीट काय पडेल?

म्हटलं, आनंदी एकटीच ना? एकच तिकीट?

"माझ्या पोटचां चेडू आसा नऊ वर्सांचां, तेचां अर्धां," रुक्मिणी म्हणाली. "आणि मोठी दोन."